ओरडण्याचं काम

वाल्फ्रिद दोन वर्षांचा असताना
सॉनाच्या तापल्या दगडांवर तळहात टेकून
हसत बसला होता.
आईला आधी वास आला.

तेव्हापासून घरात कामं वाटली गेली.
वडिलांकडे सरपण आणि जाळी.
आईकडे संध्याकाळचा दिवा:
टेबलावर त्याला उघडा उभा करून
ती बोटांच्या बेचक्यांत बघायची,
जिभेखाली, कानांमागे, तळपायांना,
जसं रेनडिअरचं कातडं घेताना
लोक उजेडात धरून भोकं शोधतात.
आणि माझ्याकडे, मी सहा वर्षांची,
ओरडण्याचं काम.

तो पडला, की मी ओरडायचं.
त्याला कापलं, की मी.
त्याच्या वाटचं ‘आई गं’
माझ्या गळ्यात ठेवलेलं असायचं,
दाराशी फावडं ठेवतात तसं,
लागलं तर हाताशी.

किरुनाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढली,
ही नस, म्हणाले. मग रेघेवर फुली मारली.
स्पर्श आहे. ऊन-गार थोडंफार.
फक्त कळ नाही, म्हणून त्याला कळत नाही.
वडिलांनी विचारलं, हे आलं कुठून?
तुम्हा दोघांकडून, थोडं थोडं.
परतीच्या सबंध वाटेवर
गाडीत फक्त वायपर बोलत होते.

शाळेत त्याचा दर ठरलेला.
गोठ्याच्या छपरावरून उडी, पाच क्रोनर.
तळहातात माशाचा गळ, दहा.
मी ओरडत पोचेपर्यंत
तो नाणी मोजत असायचा
आणि त्यातली दोन बाजूला सारायचा,
“ही तुझी. ओरडण्याची.”
घेतली मी. खोटं कशाला बोलू.
काळ्या लिकोरिसच्या गोळ्या आणल्या त्यांच्या.

पाय मोडला तेव्हा चालत घरी आला.
म्हणाला, फांदी मोडल्यासारखा आवाज झाला,
पण इर्या, तिथे झाडच नव्हतं.

आई गेली ती मार्चमध्ये.
जमीन इतकी गोठलेली, की खड्ड्यासाठी
दोन दिवस आधी शेकोटी पेटवावी लागली.
जेवणं उरकल्यावर त्यानं मला मागच्या खोलीत नेलं.
छातीत काहीतरी आहे, म्हणाला,
हेच का ते?
मी म्हटलं, नाही रे. हे वेगळं.
तरी दिव्याखाली त्याचा सदरा काढला,
सवय, दुसरं काय.
डाव्या अंगाला निळं-काळं. एक बरगडी आत गेलेली.
शवपेटी उचलताना बर्फावर घसरला होता,
कुणाला बोलला नव्हता.
मग मला सांगता येईना
त्यानं विचारलं ते कशाबद्दल.

लोक म्हणतात, सुखी माणूस.
त्यांनी त्याचे गुडघे पाहिलेले नाहीत.
आपला गुडघा म्हणतो, पुरे, बस आता.
त्याचा मुका. तो चालत राहिला,
हाडावर हाड घासून संपेपर्यंत.
आता चाकाच्या खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करतो.
बिघडली, की निदान थांबतात तरी, म्हणतो.

मला साठी उलटल्यापासून रोज रात्री त्याचा फोन.
“आज कुठे?”
कंबर, मी सांगते. तेवढ्यानं भागत नाही.
ठणकतंय की चमकतंय?
सणक गेली म्हणजे कुठून कुठे गेली?
दार वाजवून येते की तशीच घुसते?
मी सांगते. कधी थोडं वाढवूनही.
तो ऐकतो, समुद्र न पाहिलेला माणूस
भरतीबद्दल ऐकेल तसा,
आणि मध्येच त्याच्याकडचं एखादं घड्याळ
उगाच बारा ठोके देतं.

काल ओव्हनचा तापला पत्रा मनगटाला लागला.
मी ओरडले,
आणि आधी शेजारी पाहिलं,
कुणाला लागलं ते.