हेराल्ड, तिसरं वर्ष

जुन्या चादरीखाली उभी आहे ती,
विटांच्या चार थप्प्यांवर, चाकांविना.
चादरीवरचा मोर बसलाय
नेमका बॉनेटच्या गंजक्या भोकावर.

पाणी चार दिवसांनी, पहाटे तीनला.
हंडे भरताना मी तिच्याकडे बघत नाही.
उन्हाळ्यात तर पाना हातात धरवत नाही,
पत्र्याखाली जीव भाजतो.

बावीस वर्षं साखर पेठेत माग दुरुस्त केले.
धागा तुटला की थांबायचं, गाठ मारायची, पुढं.
इथं गाठ मारायला
धागाच सापडत नाही.

भंगारवाला दर महिन्याला डोकावतो,
"काय येमूल, किलोवर देताय?"
परवा मी "बघू" म्हणालो.
तो "बघू" रात्रभर अंथरुणात टोचत राहिला.

सत्यम्माला सांगितलं. ती विड्या वळत होती.
सुपावरची नजर न काढता म्हणाली,
"हजार विड्या कोण वळतं?
मी एकच वळते."
मग दोरा दातानं तोडून,
"आणि गाडी विकलीत, तर रविवारी
माझ्याच डोक्यावर बसाल."

तेव्हापासून रोज एकच.
डाव्या दाराच्या बिजागराचा बोल्ट
आठ दिवस डिझेल पीत होता, हलत नव्हता.
कार्बोरेटर अजून डालड्याच्या डब्यात,
वायरिंग उंदरांनी खाल्लेलं,
काच मिळाली तर हैदराबादला.
आज जेवता जेवता उठलो, पाना लावला.
कर्रर झालं.
अर्धा आटा सुटला.
अर्धाच.

हात पुसले, दिवा मालवला, दार ओढलं.
परत आलो, दिवा लावला,
बोट ठेवून पाहिलं.
खरंच सुटला होता.