परतीची खिडकी

पेट्या परत येतात टॉवेलात गुंडाळून,
उशीच्या अभ्र्यात, किराणाच्या कागदी पिशवीत.
एकानं तर बाळाच्या गाडीत घालून ढकलत आणली
पीच स्ट्रीटच्या चढावरून, बर्फातून.
मी नंबर वाचतो, वायरी मोजतो, रिमोट मागतो.
रिमोट बहुतेक घरीच राहिलेला असतो.
हात सहजी सोडत नाही त्याला.

संगणक कारण विचारतो.
त्याला चारच ठाऊक आहेत:
स्थलांतर, दर, मृत्यू, इतर.
लोक मात्र कारण सांगत नाहीत,
हकिगत सांगतात.

मंगळवारी वांडा ग्राबोव्स्की आल्या.
पेटीच्या फटींत पांढरे केस अडकलेले.
"मांजरीचे," म्हणाल्या. "हिवाळाभर ह्याच्यावरच झोपते.
ऊब असते ना. आता तिला काय सांगू?"
मग काउंटरवर कोपर टेकून, आवाज खाली आणून,
दवाखान्यात विचारतात तसं:
"आतलं पुसून टाकता का हो?"

आत हॉकीचे सामने होते. एकोणचाळीस.
स्टॅन रात्रपाळीला इंजिनांच्या कारखान्यात,
आल्यावर बघीन म्हणून साठवून ठेवायचा.
शेवटचे सहा बघायचे राहिले.
"निकाल मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या,
"त्याला नाहीत."

पुसतात, मी म्हणालो.
आणि लगेच, शिकवल्याबरहुकूम,
पुढचे तीन महिने अर्ध्या दरात देऊ केले.
तोंडपाठ आहे ते. झोपेतही म्हणेन.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
"अर्ध्या दरात का होईना, बघायचं कुणी?"

खरं सांगायचं तर
मी ह्या पेटीचं मीठ खाल्लंय, पगाराच्याही आधीपासून.
बोस्नियातून आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा.
आई इंग्रजी शिकली दागिने विकणाऱ्या वाहिनीवर.
अजून ताटात सूप वाढताना म्हणते,
साठा मर्यादित, त्वरा करा.
बाबा हवामान लावून बसायचे, आवाज बंद करून.
ज्या गावांवर ढग सरकायचे
त्यांतल्या एकाही गावात आमचं कुणी नव्हतं.
तरी बसायचे. रात्री दोनला उठलो
तर त्यांच्या तोंडावर कुठल्या तरी परगण्याचा
हिरवा पाऊस.

पावती फाडली. वांडाबाईंनी ती चार घड्या करून
हातमोज्यात ठेवली.
पेटी मी मागच्या रॅकवर ठेवली, बाकीच्यांत.
जराशी कोमट होती अजून,
की मला वाटलं तसं.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. रिमोट घेऊन.
दंड भरायला पर्स उघडूनच उभ्या.
मी विचारलं नव्हतं, तरी बोलत होत्या:
पहिला आठवडा घर खायला उठलं.
फ्रिज किती कण्हतो ते तेव्हा कळलं.
मग खुर्ची उलटी फिरवली, खिडकीकडे.
समोरच्या ओर्टेगांकडे टीव्ही चालू असतो,
त्याचा उजेड त्यांच्या अंगणातल्या बर्फावर पडतो,
निळा, मग एकदम लाल, मग पुन्हा निळा.
भांडण आहे की लग्न, तेवढं ओळखता येतं.
नऊ वाजता तेही झोपतात.
पुढं नुसता बर्फ.
"तो पण बघते," म्हणाल्या, जरा ओशाळून.
आणि तळ्यावरचा बर्फ तडकतो रात्री,
चाळीस वर्षं तिथं राहून ऐकला नव्हता.

मांजर?
मांजरीनं माफ केलेलं नाही.
रिकाम्या फळीवर जाऊन बसते,
गार लाकडावर, पाठ करून.

उशिरा आलेल्या रिमोटसाठी संगणकात रकाना नाही.
दंडाचं मी काही बोललो नाही.
हातात घेतला तर हलका लागला.
मागचं झाकण उघडलं. सेल नव्हते.

"ते घड्याळात घातले," त्या म्हणाल्या.
"स्वयंपाकघरातल्या. दीड वर्ष
सव्वापाचच वाजले होते तिथं."

त्यांच्या मागे एक पोरगा उभा होता,
काखेत पेटी,
टॉवेल ओला.