रकाना

सावलीच्या पट्ट्यात धान पोचट निघतो,
हे खरं आहे.
टेप धरून मोजलंय मीच:
बांधीच्या पश्चिमेला मोह, त्याच्याखाली
साडेतीन पायल्या कमी.

"तोडून टाक," म्हणाला भाचा, हार्वेस्टरवाला,
"मशीन वळवायला जागा होते."
सगुणा नैताम काही बोलली नाही.
पदराच्या गाठीतून चैतातली चिठ्ठी काढली:
सुकी फुलं एक्केचाळीस किलो,
टोरीचं तेल दोन बाटल्या.
खाली पेन्सिलीनं,
अस्वलानं खाल्लं ते धरलं नाही.

कार्तिकात डुकरं आली.
एका रात्रीत बांधी आडवी.
मी वनरक्षक, फॉर्म माझ्याकडे:
पीक, क्षेत्र, नुकसान टक्क्यांत.
जंगलानं नेलं ते लिहायला रकाना आहे.
दिलं ते लिहायला नाही.

"कोठून आले, थे लिवा ना जी," ती म्हणाली,
"मोहाखालून. मी फुलं येचाले जातो,
त्याइची बी थेच वाट."

लिहिलं नाही. सही केली.
पैसे येतील तेव्हा येतील.

ती विळा घेऊन उतरली
एवढाच धान उभा होता तिकडे,
सावलीतला.
पोचट म्हणून
डुकरांनी तोंड लावलं नव्हतं.