गोकाकला पाणी नव्हतं

बसची पाटी कन्नडात. मला वाचता येत नाही.
प्रज्योत वाचतो, बोट हवेत फिरवत :
"गो... का... क. हीच की गं आत्या, चढ!"
नऊ वर्षांचं पोर. त्याच्या भरवशावर निघालो
मी, दोन भाचरं आणि शेजारचा बसू,
जो घरात कन्नड बोलतो, गल्लीत मराठी,
आणि रुसला की कुठलीच नाही.

मला फुकट, रेणीला फुकट,
बायकांना हल्ली शून्याचं तिकीट मिळतं.
रेणीने ते उलटंसुलटं करून बघितलं,
"आत्या, यावर भोपळा हाय,"
आणि मुठीत धरलं ते धरलंच.

वर्षभर मी दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवले,
निळी चड्डी, निळी चड्डी, पुन्हा निळी चड्डी.
मे लागला, मशीनला तेल पाजलं, वर चादर टाकली
आणि बोलून बसले, चला, धबधबा दाखवते.
डोक्यात होता तो माझ्या लहानपणचा.
आवाज आधी आला होता, पाणी मागून,
आणि बाबांनी मला खांद्यावरून
उतरवलंच नव्हतं दिवसभर.

सांबरा आलं. एकही विमान उठेना.
"झोपलंय ते," बसू म्हणाला, "ऊन कसलं हाय बघ की."
सुळेभावी गेली, अंकलगी गेली.
खिडकीचा गज तापून तवा झालेला,
रेणीने त्याला थुंकी लावली, कान लावला,
"चर्र नाही वाजलं."

उतरलो, तर
दगड.
केवढा तरी दगड, उभाच्या उभा,
पाण्याच्या जागी पाण्याचे वाळलेले ओघळ,
वर एक घार, तीही कंटाळलेली.
काकडीवाली हसली, "मळी बंद म्याल बर्री."
"पाऊस आल्यावर या म्हणतीया,"
बसूने सांगितलं, कमरेवर हात ठेवून,
पंचायतीचा माणूस असल्यासारखं.

मी तोंड लपवायला पिशवीत काहीतरी शोधू लागले.
वर बघते तर तिघं झुलत्या पुलाच्या मधोमध,
पूल हलवतायत, आणि पुलाखालच्या रिकाम्या दरीला
प्रज्योत ओरडून मागतोय, "पाणी!"
बसू ओरडतोय, "नीर!"
दरीने दोन्ही शब्द परत केले,
शेपट्या तेवढ्या ठेवून घेतल्या.

मग रेणीने काय करावं?
खडकात एक बारकी कपार बघितली,
बाटलीचं बूच काढलं आणि धार धरली.
"हा धबधबा. मागे व्हा सगळे, भिजाल!"
दोघं खरोखर मागे झाले.
प्रज्योतने खाली काडीचा पूल टाकला,
बसूने मुंगळ्यांना दुसऱ्या गावाला जायला सांगितलं.
सतरा आकडे मोजेपर्यंत पडत होता धबधबा.
मग वीतभर ओल राहिली,
ती माझ्या डोळ्यांदेखत उन्हाने चाटून नेली.

आणि तहान. लागणारच की.
प्यायचं सगळं धबधब्याला दिलेलं.
काकडीवालीने न बोलता घागर तिरकी केली,
तीन ओंजळी, चौथी माझी.
पाण्याचे पैसे घेईना,
म्हणून काकड्या घेतल्या, तिखटमीठ चोळून,
एवढ्या, की बसूचे ओठ सुजून लाल
आणि तरी "अजून एक" चालूच.

येताना पाव किलो करदंट. तोही बसमध्येच संपला.
रेणी माझ्या मांडीवर झोपली घामाने भिजून,
मुठीत शून्याचं तिकीट, आता लगदा.

दारात वहिनीने विचारलं, "बघितला काय गं धबधबा?"
मी चप्पल काढण्यात उगाच वेळ लावला.
रेणीने डोळे चोळले.
"बघितला की. बारका होता.
मीच केलता."