गोल यानावर पाटी

मी नागोजी हुद्दार, पेंटर.
बत्तीस वर्षं खडेबाजारातली दुकानं
दोन्ही लिप्यांत रंगवतोय.
कन्नड हातातनं जिलबीसारखी सुटते,
मराठीला आधी डोक्यावरची रेघ आखून घ्यावी लागते.

सिनेमात यान नेहमी अमेरिकेत उतरतं.
हे कंग्राळीच्या शिवारात उतरलं,
रताळ्याच्या वेलांवर,
मंगळवारी, लाईट गेली होती तेव्हा.

शस्त्रं आणलीत का, रोग आणलाय का,
कुणी विचारलं नाही.
पहिली नोटीस लागली पाटीची:
दर्शनी भागी फलक आढळला नाही.
साठ टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूस.
उरलेल्या चाळीसात
आपली काय असेल ती भाषा बसवावी.
मुदत सात दिवस.

मग मला बोलावणं.
शिडी, सुतळी, खडू, पिवळ्याचे दोन डबे.
यान बघतो तर चेंडूसारखं गोल.
“साहेब, ह्याची वरची बाजू कुठली?”
साहेबांनी एक फेरी मारली, दुसरी मारली,
बूट चिखलात माखले.
म्हणाले, “वर म्हणजे वर.”
म्हटलं, “आभाळात गेल्यावर
वर कुठं ऱ्हातंय, साहेब?”
हा मुद्दा त्यांनी जिल्ह्याला कळवला.
जिल्ह्यानं बेंगळूरला.

तेवढ्यात दार उघडलं.
आतनं जे आलं, त्याचे हात मी मोजले नाहीत.
माझ्या ब्रशाकडं बघत ते म्हणालं,
ळ.

बस. ळ.

बांधाच्या अलीकडं फटाके फुटले: आमचा!
दिल्लीच्या जिभेला जमत नाही हे अक्षर,
बाळ आमचं, आभाळ आमचं!
पलीकडं हलगी कडाडली: नम्मदु!
हळ्ळी नम्मदु, मळे नम्मदु!
(मळे म्हणजे इकडं शेतं, तिकडं पाऊस.
भांडणात हे कोण ऐकतंय.)
सत्काराला एकाकडनं फेटा आला, दुसऱ्याकडनं पेटा.
दोन्ही तसेच परत गेले,
डोकं कुठलं ते शेवटपर्यंत ठरेना.

रात्री रंगाच्या राखणीला मी एकटाच.
जाळ केला, रताळी भाजली.
“काय करूलालास बे हितं?” विचारलं.
ळ, ते म्हणालं. उपाशी असल्यासारखं.
एक रताळं सोलून दिलं.
ळ.
हा ळ वेगळा होता, तोंड भाजलेला.
मग पहाटेपर्यंत आम्ही बोललो.

जाण्याआधी त्यानं यानाचा पोटाकडचा भाग
माझ्यासमोर धरला.
मी एकच अक्षर काढलं.
सुरुवातीचं वळण कन्नडचं आलं,
पुढं हात गेला तसा गेला.
रेघ आखली नाही.

बिल लावलं, दोन हजार चारशे.
परत आलं. शेरा:
“अक्षर कोणत्या भाषेतील, ते नमूद करावे.”

तो रकाना अजून रिकामाच आहे.
पिवळा अर्धा डबा उरलाय,
झाकण घट्ट लावून ठेवलंय.