बांधाखालून

हेर्मीना तेर हॉर्स्तला बांध कळतो.
एकतीस हिवाळे ती वाल नदीच्या कडेनं चालली,
पायांत रबरी बूट, हातात टॉर्च,
खिशात एक काचेचा पेला.
पाणी प्यायला नव्हे, बघायला.

लोकांना वाटतं, फुगलेली नदी वरून येते.
वरून येणारं पाणी सगळ्यांना दिसतं, त्याची बातमी होते.
खालचं पाणी बांधाच्या पोटाखालून
वाळूवाळूतून वाट काढतं
आणि पलीकडे, मेंढ्यांच्या कुरणात कुठेतरी,
आधणासारखं बुडबुडू लागतं.
ते पेल्यात धरायचं. जरा थांबायचं.
नितळ असलं तर वहीत नोंद, आणि घरी.
तळाला वाळू बसली तर समजायचं,
बांध आतून चाललाय.

साडेसहा वर्षं, सकाळी आठला,
कॉफीच्या आधी, एक पिवळी गोळी.
डॉक्टर फान लोखम म्हणाले होते,
तुमच्या गाठीला एका संप्रेरकाची भूक आहे.
आपण तिची रसद तोडतोय.

किल्ल्याची रसद तोडली की
आतली साधी माणसंही उपाशी राहतात.
सकाळी मूठ वळेना. गुडघे कुरकुरले.
मध्यरात्री ती घामानं निथळत उठायची, खिडकी उघडायची,
आणि योरिस झोपेतच पांघरूण आपल्याकडे ओढायचा.
तिनं कुरकूर केली नाही.
फक्त बरणीची झाकणं त्याच्या हातात देऊ लागली.

मग मार्चमध्ये कमरेत काहीतरी येऊन बसलं.
तिला वाटलं, बूट.
नवे बूट घेतले.

नळीभर रक्त काढलं तेव्हा तिनं विचारलं,
रक्तातली वाळू दिसते का हो?
डॉक्टर हसले नाहीत.
दिसते, म्हणाले.

कागदावर पाचशे अडतिसावी जागा,
आणि तिथे एक अक्षर हललेलं.
ध चा मा. एवढंच.

पेशीत एक पहारेकरी असतो.
बाहेरून निरोप आला की त्यानं आरोळी द्यायची: वाढा.
आम्ही निरोपच बंद केले.
लाखो पहारेकरी वाट बघत बसले, गप्प,
आणि त्यांच्या पेशी सुकत गेल्या.
त्यांतल्या एकाचं डोकं फिरलेलं होतं.
तो निरोपाशिवायच ओरडत राहिला.
गोळीनं त्याला काही शिकवलं नाही,
गोळीनं त्याच्यासाठी रान मोकळं केलं.

हेर्मीना बराच वेळ खिडकीकडे बघत होती.
टेसल बेटावर गेलो होतो तेव्हा, ती म्हणाली,
तीन दिवस गोळ्या घरी विसरले होते.
त्यानं झालं का?
नाही.
नक्की?
तुम्ही रोज चाललात बांधावर, डॉक्टर म्हणाले,
पाणी तुमच्या पायाखालून गेलं.

आता नवं औषध.
निरोप्याच्या मागे न लागता
ते पहारेकऱ्यालाच विरघळवू बघतं.
किती दिवस, हे तिनं विचारलं नाही.
उलट तीच त्यांना सांगत बसली
की कुरणात उसळी फुटली तर तिच्यावर दगड टाकायचा नसतो,
कोंडलं तर पाणी दहा पावलांवर दुसरीकडे फुटतं.
भोवती गोण्यांचं कडं रचायचं, छातीइतकं,
पाणी आतल्या आत चढू द्यायचं,
वरचा भार खालच्या जोराला भिडेपर्यंत.
मग पाणी येत राहतं,
पण वाळू थांबते.

आणि हे कडं टिकतं किती? त्यांनी विचारलं.
नदी उतरेपर्यंत.
नाहीच उतरली तर?

तिनं कोट चढवला, वरचं बटण
दुखऱ्या बोटांनी दोनदा चुकवलं.

तर शेजारी बसायचं, डॉक्टर, रात्रभर.
आळीपाळीनं.
आणि ज्याची पाळी असेल
त्यानं थर्मास भरून आणायचा.