काजं

गावाचं नाव सूर.
आणि संध्याकाळी साडेसहानंतर
माझाच सूर नाकात शिरतो.
देवरुखला फोन लावून "जेवलीस का" एवढंच विचारलं,
तर शैलजा म्हणाली, "प्यायलात?"
आयुष्यात ताडी चाखली नाही मी.

आधी सुईच्या दोन सुया झाल्या.
दोन सुया, दोन नेढी, दोरा एक.
तो मधल्या रिकाम्या जागेत
ओवत बसलो अख्खी दुपार.
सालिमशेठ म्हणाले, चष्मा बदल.
बदलला.
दोन्ही सुया आणखी स्वच्छ दिसल्या.

मग डावी पापणी उतरायला लागली,
दुपारी दुकानांची शटरं उतरतात तशी,
फक्त ही चार वाजता वर जाईना.

मस्कतला डॉक्टर बुथैनांनी रबरी मोज्यात बर्फ भरला,
पापणीवर दोन मिनिटं धरला.
बाहेर सेहेचाळीस अंश.
पापणी उघडली.
मी हसलो, म्हणजे हसायला गेलो;
ओठांची टोकं जागची हलली नाहीत.

त्यांनी कागदावर नस काढली, स्नायू काढला.
मोडक्या हिंदीत बराच वेळ समजावलं.
मी म्हटलं, थांबा, कळलं.
नस गुंडी घेऊन येते. स्नायूवर काजं असतात.
आणि माझंच रक्त, मला राखायचं सोडून,
रात्रपाळीला बसून
एकेक काज शिवून बंद करतंय.
पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शिंपी?"

आता दिवस बेतून घेतो.
पाचला गोळी, नवाला, एकला, पुन्हा पाचला.
अजान सूर्याबरोबर पुढेमागे सरकते,
गोळी नाही सरकत.
कापाकापी सकाळी, कात्री हलकी असते तेव्हा.
भाकरी सुटली. भात, तोही गोळीनंतर पाऊण तासाने,
हनुवटीला तळहाताचा टेकू देऊन.
केस विंचरायला हात वर धरणं
हाही खर्चच, मांडून ठेवावा लागतो.
चितगावचा गुलजार बाह्या जोडतो, इस्त्री मारतो,
मला तागा उचलू देत नाही
आणि त्याबद्दल बोलतही नाही.
दिशदाशाच्या गळ्याचा गोंडा मात्र मीच वळतो.
पूर्वी एका बैठकीत व्हायचा. आता तीन.

मार्चात श्वासच पुरेना.
अकरा दिवस नळीवर.
घरी सांगितलं, ताप होता.

ओहोटीला खाडीतली होडगी
चिखलात कुशीवर पडलेली असतात.
त्यांना कुणी आळशी म्हणत नाही.

फोन हल्ली सकाळी सहाला करतो.
तिकडे साडेसात, कुकरची दुसरी शिट्टी.
"आज आवाज मोकळा आहे," म्हणते.
मी भराभर बोलून घेतो, मुलीची फी,
विहिरीचा पंप, भावकीतलं लग्न,
आणि मग, मार्चात ना...

"माहीत आहे," म्हणाली.
"गुलजारनं तेव्हाच सांगितलं. त्याला खोटं जमत नाही.
नवाची गोळी जवळ ठेवलीत का?"